पांढरं कुठलं धरायचं

“घरात कुणाच्या लक्षात नाही आलं का?” चष्मेवाल्यानं फोनवर एवढंच विचारलं होतं, आणि तेही काही टोचून बोलायचं म्हणून नव्हे. नवरा त्याच्या दुकानात नव्या चष्म्याचा नंबर काढायला गेला होता. चष्मेवाल्यानं त्याची खालची पापणी ओढून दिवा मारला, मग दिवा विझवला, खुर्ची फिरवून त्याला खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि म्हणाला, चष्मा राहू दे, आधी डॉक्टरकडे जा. त्यावर नवरा हसून ‘जाईन की’ म्हणाला असणार. त्याचं ते ‘जाईन की’ चष्मेवाल्याला पटलं नसावं, म्हणून त्यानं तिला फोन लावला. ती तेव्हा कामावर होती, एका नवरीच्या गालांवरची जास्तीची लाली उतरवत होती. ती “नाही हो” म्हणाली, आभार मानले, फोन ठेवला, आणि मग तिच्या ध्यानात आलं की आपल्याला भीती वाटायच्या आधी लाज वाटली. नवऱ्याला काय झालं असेल हा विचार मागाहून आला. आधी आलं ते हे, की परक्या माणसाला दिसलं, मला दिसलं नाही, आणि मी काय काम करते ते त्याला ठाऊक आहे. हा क्रमच चुकीचा होता. त्या क्रमाचीही तिला मग वेगळी लाज वाटली.

कारण तिचं कामच रंगांचं. फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत ती रंगदुरुस्ती करते. तिथल्या भिंती राखाडी, तिच्या अंगावरचा एप्रन राखाडी, खिडकीला काळा कागद, म्हणजे आजूबाजूच्या कुठल्याही रंगानं डोळा फसायला नको. नवीन कुणी कामाला लागलं की मालक त्याला तिच्याकडे पाठवतात, आणि ती सगळ्यांना एकच गोष्ट पहिल्यांदा शिकवते: फोटोत आधी पांढरं शोधायचं. जे मुळात पांढरं असायलाच हवं ते. शर्टाची कॉलर, कपबशी, दात, डोळ्यांतला पांढरा भाग. फोटोत ते पिवळं किंवा निळं आलं असेल तर ते धरायचं आणि पांढरं करायचं, की बाकीचे सगळे रंग मुकाट आपापल्या जागी येऊन बसतात. पांढरं कुठलं धरायचं ते ज्याला कळलं त्याला हे काम आलं, असं ती म्हणायची. म्हणताना तिला स्वतःचा आवाज आवडायचा.

आता ती तळघरातल्या एका लांब खोलीत बाकावर बसली होती. समोर जाड दार, दारावर लाल दिवा, दारापलीकडे मशीन आणि मशीनच्या बोगद्यात नवरा. तिच्या मांडीवर त्याच्या वस्तूंचा ढीग होता. पट्टा, घड्याळ, चष्मा, किल्ल्या, मोबाइल आणि अंगठी. आत धातूचं काहीही न्यायचं नसतं. अंगठी काढायची म्हटल्यावर ती सवयीनं म्हणाली, “थांब, साबण आणते.” ती अंगठी साबणाशिवाय कधी निघाली नव्हती, एकदा तर सोनाराकडे जायची पाळी आली होती. पण त्यानं नुसता हात खाली सोडला आणि अंगठी आपली आपण घरंगळत तळहातावर आली. “बघ, बारीक झालो,” तो खूश होऊन म्हणाला. एवढा बारीक तो कधी झाला? ती रोज त्याच्या समोर बसून जेवत होती. समोर बसून ती नेमकं बघत काय होती, हे आठवायचा तिनं प्रयत्न केला तेव्हा तिला फक्त त्याच्या मागची भिंत आठवली.

चष्मेवाल्याचा फोन आला त्या संध्याकाळी घरी गेल्या गेल्या तिनं त्याला हाताला धरून खिडकीपाशी नेलं होतं. उजेड जायच्या आत. तो लाजला. पन्नाशी उलटलेला, शाळेत भूगोल शिकवणारा माणूस नव्या नवऱ्यासारखा लाजून म्हणाला, “काय बघतेस?” किती दिवसांत तिनं त्याच्या डोळ्यांत असं सरळ बघितलं नव्हतं. आणि पिवळं होतं. नुसतं पिवळं नव्हतं, किंचित हिरव्याकडे झुकणारं, कोपऱ्यांत जास्त आणि बुबुळाशी कमी. ते किती उतरवलं की पांढरं होईल याचा हिशेब तिच्या डोक्यात आपोआप सुरूही झाला. नजर एवढी पक्की होती, एवढी चोख, फक्त ती घरी यायची तेव्हा स्टुडिओतल्या खुंटीवर एप्रनबरोबर टांगून यायची बहुतेक.

त्यानंतर सगळं भराभर झालं. रक्त तपासलं. सोनोग्राफीत यकृतातल्या पित्ताच्या नळ्या फुगलेल्या दिसल्या, पण खालचं टोक आतड्यातल्या हवेमुळे दिसेना. पोटाच्या डॉक्टरांनी कागदावर एक झाड उलटं काढून दाखवलं. यकृतातून पित्त या फांद्यांतून उतरतं, या मोठ्या नळीतून आतड्यात जातं, आणि कुठेतरी खाली वाट बंद झाली आहे. वाट बंद म्हणून पित्त मागे फिरून रक्तात मिसळतंय, रक्तातून डोळ्यांत, कातडीत. आता एमआरआय काढू, म्हणजे नळी कुठे आणि कशानं बंद झाली ते दिसेल. “खडा असेल तर दुर्बिणीनं काढून टाकू, काही त्रास नाही,” ते म्हणाले. “आणि खडा नसेल तर?” तिनं विचारलं. “नसेल तर मग बसून बोलू,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं. तेव्हापासून तिला फक्त खडा हवा होता. लोक कशाकशासाठी हात जोडतात, ती एका खड्यासाठी जोडत होती. दिसेल त्या भिंतीला, येईल त्या बसला मनातल्या मनात म्हणत होती, खडा असू दे.

“ती खाज कमी झाली का हो यांची?” असं पोटाच्या डॉक्टरांनी तिलाच विचारलं होतं, जणू ती बायको आहे म्हणजे तिला ठाऊक असणारच. ठाऊक होतं. खाज हे तर तिला सगळ्यांत आधी ठाऊक झालं होतं. तो अंथरुणात खाजवायचा, पाय एकमेकांवर घासायचा, तळवे चादरीवर घासायचा. करकर, करकर. तिनं साबण बदलला, चादरी उकळत्या पाण्यात टाकल्या, त्याला नीट आंघोळ करत जा म्हणून सुनावलं, आणि शेवटी उशी उचलून पलीकडच्या खोलीत झोपायला गेली. मग नणंदेच्या नव्या घरी सगळे जमले होते तेव्हा तो दाराच्या चौकटीला पाठ घासत उभा राहिला. नणंदेचे व्याही बघत होते. ती हसत हसत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “माकडासारखं काय खाजवतोस रे चारचौघांत?” लोक हसले. तोही हसला. तो नेहमी हसतोच, स्वतःवरचा विनोद त्याला फार लवकर कळतो. पण त्या दिवसानंतर तो चारचौघांत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायला लागला. शाळेतल्या शिक्षा झालेल्या पोरासारखा. तिला वाटलं होतं, चला, सांगितल्याचा उपयोग झाला. आणि पोटाच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही खाज कातडीची नसते, आतून येते, रक्तातल्या पित्तामुळे. कितीही खाजवलं तरी जात नाही. बिचारे फार सोसतात लोक.

आतून मशीनचा आवाज सुरू झाला. कुणीतरी पिंपावर हातोडा मारतंय, मग थांबतंय, मग दुसऱ्याच लयीत परत मारतंय, असा. मध्ये मध्ये मशीनवाल्यांचा आवाज यायचा, “श्वास घ्या. सोडा. आता धरून ठेवा.” ते तिच्याच वयाचे, केस विरळ झालेले गृहस्थ होते आणि आत नेण्याआधी त्यांनी नवऱ्याला पेलाभर अननसाचा रस पाजला होता. उपाशीपोटी आलेला नवरा म्हणाला, “वा, पाहुणचार चांगला आहे.” मशीनवाले हसले नाहीत, त्यांना हा विनोद रोज ऐकावा लागत असणार. त्यांनी समजावलं, की या चित्रात साचलेलं पाणी तेवढं पांढरं चमकतं. पित्तही चमकतं, पण पोटातलं पाणीही चमकतं आणि पुढे आडवं येतं. या रसानं पोट काळं पडतं, मग मागची नळी स्पष्ट दिसते. तिला ते चटकन कळलं. एक झाकायचं म्हणजे दुसरं दिसतं. हे तर आमचंच काम, असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं, कारण ती जे झाकते त्याच्या मागून काही दिसत नाही.

“धरून ठेवा,” आतून आवाज आला आणि आपणही श्वास धरून बसलो आहोत हे तिच्या लक्षात आलं. तिला स्वतःचा राग आला. आता कसलं हे सोंग. महिन्याभरापूर्वी धरायला हवं होतं काहीतरी.

तो फोटो. त्या फोटोपाशी ती आतापर्यंत जात नव्हती. जवळ गेल्यासारखं करायची आणि साबणाकडे, चादरीकडे, माकडाकडे वळायची, कारण त्या गोष्टींची लाज निदान कुणालाही वाटू शकेल अशी होती. फोटो नणंदेच्या त्या नव्या घरातलाच होता. सगळे सोफ्याभोवती, नवरा उजव्या टोकाला. नणंद म्हणाली, “वहिनी, तुझ्या हातचा कर ना जरा, भिंतीवर लावायचाय.” तिनं तो स्टुडिओत नेला, जेवणाच्या सुट्टीत उघडला, आणि सवयीनं पांढरं शोधलं. सगळ्यांत जवळ सापडला नवऱ्याचा डोळा. तिनं तो धरला, पांढरा केला, आणि बाकीचे सगळे निळे पडले. नणंद निळी, व्याही निळे, टेबलावरच्या कपबशा निळ्या. मग तिनं ते मागे घेतलं आणि कपबशी धरली. सगळे नीट झाले. एकटा नवरा पिवळा राहिला. म्हणजे तिला दिसलं होतं. लक्षात नाही आलं हे खोटं होतं, तिनं चष्मेवाल्याला सांगितलेलं ‘नाही हो’ खोटं होतं. त्या खोलीतला दिवा सगळ्यांवर सारखाच पडत होता, भिंत पांढरी होती, पडदे करडे होते, आणि पिवळा एकटा तोच होता, हे तिनं स्वतः सिद्ध केलं होतं. हे जर कुणी शिकाऊनं तिच्यासमोर आणलं असतं तर तिनं विचारलं असतं, हा माणूस असाच आहे का रे? मुळातच असा आहे का, आधी विचारून घे. तिनं कुणालाच विचारलं नाही. तिला कंटाळा आला. खरंच, दुसरा शब्द नाही. तिला त्याचा कंटाळा आलेला होता, त्याच्या करकरीचा, त्याच्या ‘जाईन की’चा, आणि हा माणूस फोटोतसुद्धा सगळ्यांबरोबर नीट येत नाही म्हणून ती वैतागली. तिनं त्याच्याभोवती रेघ ओढून त्याला बाकीच्यांपासून वेगळा केला आणि फक्त त्याच्यातलं पिवळं काढून टाकलं. डोळे तर तिनं फारच छान केले. हातातला वडापाव संपायच्या आत झालं काम. नणंदेनं तो मोठा करून लावला, सगळ्या नातेवाइकांना पाठवला, आणि सगळे म्हणाले, काय सुंदर आलाय.

लाल दिवा विझला. नवरा बाहेर आला तो हॉस्पिटलच्या झग्यात, केस विस्कटलेले, कानांवर हात. “अख्ख्या वर्गानं एकदम बाकं वाजवावीत ना, तसं,” तो म्हणाला. तिनं त्याला एकेक वस्तू परत दिली. अंगठी त्यानं बोटात घातली, ती खाली सरकली, म्हणून त्यानं ती मधल्या बोटात घातली.

तो कपडे बदलून आल्यावर चित्रं वाचणाऱ्या डॉक्टरबाईंनी दोघांनाही आत बोलावलं. त्यांची खोली अंधारी होती, भिंती राखाडी. तिला क्षणभर आपल्याच खोलीत आल्यासारखं वाटलं आणि पाय दाराशीच अडखळले. पडद्यावर काळ्यावर पांढरं, पोटाच्या डॉक्टरांनी काढलेलं तेच उलटं झाड होतं, फक्त खरं. फुगलेल्या फांद्या, जाड झालेलं खोड. रंग कुठेच नव्हता. नवरा खुर्ची पुढे ओढून बघू लागला आणि शिक्षकाच्या आवाजात म्हणाला, “या सगळ्या उपनद्या. मुखाशी गाळ अडकलाय म्हणायचा.” डॉक्टरबाई हसल्या. “ही चकत्यांसारखी पातळ चित्रं जोडून केलेली आकृती. दिसते छान, पण हिच्यावर मी विसंबत नाही, हिच्यात बारीक खडा बुजून जातो. मी एकेक पातळ चकती बघते.” आणि त्या चकत्या पुढे सरकवत गेल्या. खडा असला की पांढऱ्याच्या खालच्या कडेला वाटीसारखी गोल खोलगट कड येते, त्या सांगत होत्या, खडा त्या वाटीत बसलेला काळा दिसतो. ती वाटी शोधू लागली. आणि तिला वाटी दिसली. स्पष्ट, गोल, नळीच्या टोकाशी. “ही,” ती म्हणालीच, बोट पडद्याला लावत. लगेच तिनं बोट मागे घेतलं, कारण हे डोळे कुणाचे होते ते तिला आठवलं. यांना हवं ते दिसतं आणि नको ते पुसता येतं.

“ते इथे नळी जरा वळलीय, म्हणून तसं वाटतं,” डॉक्टरबाई हळू म्हणाल्या. त्यांनी पुढची चकती आणली, आणि तिच्या पुढची. पांढरी रेघ खाली येता येता आवळली गेली होती आणि मग नव्हतीच. वाटी नव्हती. “मला खडा दिसत नाहीये. इथे, टोकाशी, लहानशी गाठ असावी असं वाटतं. पोटाचे डॉक्टर दुर्बिणीतून तुकडा घेतील, मगच नक्की कळेल. पित्ताला वाटही करून देतील.” नवऱ्यानं मान डोलावली, वर्गात कुणी बरोबर उत्तर दिल्यावर डोलावतो तशी. “एक सांगा,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “पिवळेपणा कधीपासून आहे? मध्ये कधी कमी झाला होता का, की वाढतच गेला?”

ती बोलणार होती. नंतर तिनं हे स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं, की ती बोलणारच होती. पण आधी तो बोलला. “चष्मेवाल्यानं सांगितलं ते आत्ता. पण तसं मला दाढी करताना शंका आली होती, महिना झाला असेल. एक-दोनदा वाटलं, डॉक्टरकडे जाऊन यावं. मग ताईकडचा फोटो आला घरी. त्यात बघितलं तर माझे डोळे पांढरेशुभ्र.” तो हसला. “आमच्या हिचं कामच रंगांचं आहे. हिच्या हाताखालून गेलेला फोटो. म्हटलं, हिला दिसलं नाही म्हणजे नाहीच काही, आपला आरसाच जुना झालाय. आरसा बदलायचंही ठरवलं होतं मी.”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिनं तो शोधला, कुठेतरी सापडावा म्हणून फार शोधला. तो तिचं कौतुक करत होता. परक्या बाईसमोर बायकोच्या नजरेचं कौतुक. तिचे कान तापले. “तो फोटो खरा नाहीये,” ती म्हणाली. दोघांनी तिच्याकडे बघितलं. “डोळे मी पांढरे केलेत. फक्त ह्याचे. बाकी कुणाला काही करावं लागलं नाही. मला वाटलं… मला काही वाटलंच नाही.” तिनं मोबाइल काढला. मूळ फोटो तिनं पुसला नव्हता, मूळ फोटो पुसायचा नसतो हेही तीच शिकवते. तिनं तो डॉक्टरबाईंपुढे धरला. त्यांनी सोफ्याचं उजवं टोक मोठं करून बघितलं, आणि त्या तिच्याकडे बघतील म्हणून ती वाट बघत राहिली, पण त्यांनी बघितलं नाही. “म्हणजे तेव्हापासून आहे,” त्या म्हणाल्या आणि टाइप करू लागल्या. “महिनाभर आधी आलो असतो तर?” तिनं विचारलं. टाइप करणारी बोटं थांबली. “ते मला या चित्रातून नाही सांगता येणार,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

नवऱ्यानं मोबाइल घेतला होता. तो चष्मा कपाळावर चढवून, डोळ्यांजवळ नेऊन स्वतःला बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू जात होतं. ते काय होतं हे तिला ओळखता आलं नाही. एवढी वर्षं बरोबर काढून ओळखता आलं नाही. मग त्यानं मोबाइल बंद करून तिच्या हातात दिला. बाहेर बाकावर येऊन बसल्यावर तो म्हणाला, “एवढं करत होतीस तर पोटही जरा आत घ्यायचं होतंस.” तिला हसता आलं नाही. त्यानं ओरडावं असं तिला वाटत होतं. त्यानं सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं काहीतरी म्हणावं, लोकांनी बघावं. तो म्हणाला, “हा फोटोचा विषय ताईकडे काढू नकोस. उगाच ती तुला बोलत बसेल.” मग तिला रडू आलं, तेही चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसासाठी, म्हणून तिनं ते थोपवलं.

बाकांवर बरीच माणसं होती. ट्यूबलाइटचा उजेड सगळ्यांवर किंचित हिरवा पडत होता. तिनं ते तसंच राहू दिलं. शेजारी नवरा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता, खांदे वर चढलेले, जबडा घट्ट. ती बघत राहिली. त्याला खाज येत होती, मशीनमध्ये पाठीवर निपचित पडून होता तेव्हाही येत असणार. “हात काढ,” ती म्हणाली. “अगं, लोक आहेत.” तिनं त्याच्या कॉलरमधून हात आत घातला. पाठ खरखरीत लागली, जागोजाग खपल्या, जुन्या आणि ताज्या, आणि मध्ये एक मोकळा पट्टा, जिथे त्याचा स्वतःचा हात पोचत नसावा. तिनं तिथे खाजवायला सुरुवात केली. समोरची बाई बघायला लागली, तिच्या शेजारचा म्हातारा बघायला लागला. यानं काही फिटत नाही हे तिला कळत होतं. खाज जात नाही हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

“बरं वाटतंय का?” तिनं विचारलं.

“हो,” तो म्हणाला. तिला दिसलं की तो खोटं बोलतोय. “जरा वर. अजून वर.”

ती खाजवत राहिली.